अर्धी टाळी

जब्बारभाईंनी हेडफोन घेतला नाही. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजू आणि त्या मंगळवारपासून सुरुवात करू, ज्या दिवशी ते घेणारच होते.

"अब्बा, ओपन-बॅक की क्लोज-बॅक?" मिसबाहने मोबाइलमधून डोकं न काढता विचारलं. त्यांची ही लेक धरणगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरी बापाला हेडफोन.

"फरक काय शे?"

"ओपन-बॅकमधून आवाज बाहेर पण जातो."

"म्हणजे विकत मी घ्यायचा आणि शेजाऱ्यानं फुकट ऐकायचा?"

"मोकळं वाटतं म्हणे. हे बघा, लिहिलंय : उबदार बास, हवेशीर ट्रेबल, रुंद स्टेज."

"हेडफोन शे का मंगल कार्यालय?"

जब्बारभाई पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत. पेचकसाचं टोक मोटारीवर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे बंद. दहा सेकंदांत सांगत, कुठलं बेअरिंग गेलंय. चांगली मोटार ते ऐकतच नसत. चांगल्या मोटारीत ऐकण्यासारखं असतं काय?

हेडफोन हवा होता एका कॅसेटसाठी. तेहेतीस वर्षांपूर्वी धुळ्यात एका उर्सात झालेली कव्वाली, अकरा मिनिटांची. मिसबाहने ती मोबाइलमध्ये उतरवून दिली होती. मागच्या रांगेत टाळ्या द्यायला पाच जण, त्यांत जब्बारभाईंचे वडील. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं जिनिंगच्या मशीननं नेली होती, तरी उस्तादांनी त्यांना पार्टीतून काढलं नाही. घरात त्यांचा फोटो होता. आवाज कुठेच नव्हता. ती तीन बोटांची अर्धी टाळी तेवढी, तीही मोबाइलवर बाकीच्या चौघांत विरघळून गेलेली.

जळगावच्या दुकानदाराने मोठ्या विश्वासाने एक हेडफोन काढला. त्यात लाइट लागत होती. धुळ्याच्या दुकानदाराने विचारलं, "हेल्मेटखाली घालायचा का वरून?"

"ऑनलाइन मागवू," मिसबाह म्हणाली. "नाही आवडला तर परत करू."

"वापरून परत? लोक मोटार अशी परत आणतात तेव्हा मी काय बोलतो ते ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. अख्ख्या गल्लीने ऐकलं होतं.

मग मिसबाहला एका ऑनलाइन ग्रुपवर प्रशील सापडला. हा नरडाणा स्टेशनवर तिकिटं द्यायचा आणि मिसबाह मागवणार होती नेमका तोच हेडफोन बाळगून होता. 'आपल्या भागात कोणी आहे का?' असं त्याने तीन वर्षांपूर्वी विचारलं होतं. मिसबाहचा 'हो' हा पहिला प्रतिसाद.

जब्बारभाई पॅसेंजरने नरडाण्याला उतरले. प्रशीलची सुट्टी होती. त्याच्या आईने, द्रौपदाबाईंनी, चहा ठेवला आणि पाहुण्याच्या डोक्यावर हेडफोन चढताना बघून हळूच विचारलं, "यांचा पण कान दुखतो का रे?"

प्रशीलने मोबाइलवर सतार लावली.

"आधी हाई लाव," म्हणत जब्बारभाईंनी आपला मोबाइल पुढे केला. त्यात पाळधीच्या एका पंपाचं रेकॉर्डिंग होतं. डोळे मिटून त्यांनी ते ऐकलं.

"मागचं बेअरिंग. आणि बुश पण! बुश माले दुकानात ऐकूच नही आला." तिथूनच त्यांनी पंपवाल्याला फोन लावला. "मगन, मोटार परत आण. पैशाचं नाव काढू नको."

हेडफोन पास झाला.

मग कव्वाली. पहिली टाळी जाडजूड. दुसरी अंगठीवाल्या हाताची. तिसरी घाईची, चौथी कंटाळलेली. पाचवी नाहीच. पुन्हा लावली. चारच. तिसऱ्यांदा ऐकताना जब्बारभाईंचा चेहरा असा झाला की द्रौपदाबाईंनी बिस्किटाची बशी पुढे सरकवली.

"नसतील का ते त्या दिवशी?" प्रशीलने विचारलं.

जब्बारभाईंनी गाणं चौथ्यांदा लावलं. बिघाड शोधायचं त्यांनी सोडून दिलं. नुसतं ऐकत बसले. तेव्हा टाळ्यांच्या खाली, फार खाली, काहीतरी पडत होतं. थप्. थप्. ठेक्यात, एकही न चुकता.

"टाळी नही शे ती," ते म्हणाले. "मांडी शे."

त्यांचा हात आपोआप मांडीवर पडू लागला. लहानपणी ताप आला की पाठीवर हीच थाप पडायची. अर्धं त्यात काही नव्हतं.

शेवटच्या मिनिटाला गाणं संपता संपता, अगदी मागून, थाप पडत होती तिथूनच, कोणीतरी म्हणालं, "वाह, बेटा." ते पुढे बसून गाणाऱ्या कोवळ्या पोराला म्हटलेलं होतं. जब्बारभाईंनी ते स्वतःकडे ठेवून घेतलं.

घरी आल्यावर मिसबाहने विचारलं, "मागवू?"

"नको."

"अब्बा!"

"घरात असले की माणूस उद्या ऐकू म्हणतो. जिवंत होते तेव्हा मी तेच केलं. नरडाण्याला राहू दे त्यांना. भेटायला जात जाईन."

दर महिन्याला वाइंडिंगची तार आणायला ते दोंडाईच्याला जायचे. गाडी नरडाण्यावरूनच जायची.

प्रशील फोनवर म्हणाला, "भाऊ, मी खिडकीपाशी हेडफोन आणून देईन हो. पण गाडी मिनिटभरच थांबते. शेवटचं मिनिटच ऐकाल का?"

"मधेच उठवून बोलायला लावू का त्यांना?" जब्बारभाई म्हणाले, आणि मिसबाहला कागद घ्यायला लावला.

प्रति,
मा. स्टेशन अधीक्षक, नरडाणा.

विषय : पॅसेंजर गाडीचा थांबा वाढवून मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयी विनंती करण्यात येते की, सदर गाडी नरडाणा येथे एक मिनिट थांबते. अर्जदाराचे काम अकरा मिनिटांचे आहे. तरी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी थांबा दहा मिनिटांनी वाढवून मिळावा. इतर प्रवाशांची हरकत असल्यास त्यांनाही ऐकवण्यात येईल.

कामाचे स्वरूप : वडिलांची भेट.