मुशीचं तेल

आमच्या ह्यांच्या मोटारसायकलची चेन नेमकी रविवारीच कोरडी पडायची. सोमवार ते शनिवार तीच चेन सरावलीहून कंपनीपर्यंत बिनतक्रार पळायची, पण मी “चला, केळव्याला माझ्या माहेरी जाऊ” म्हटलं, की बळवंतराव खाली वाकून म्हणणार, “अगं, चेन बघ! अशी नेली तर वाटेत तुटेल.” मग चेन निघायची, माझ्या परातीत रॉकेलमध्ये डुंबायची, जुन्या ब्रशने तिची कडी न् कडी घासली जायची आणि शेवटी गिअर ऑइल पिऊन कपड्यांच्या दोरीवर निथळत बसायची. तोवर ऊन कलायचं. “आता उशीर झाला,” हे म्हणायचे आणि मी परात आपटायचे.

खरं दुखणं चेनचं नव्हतंच. आमच्या लग्नात माझे वडील, सुपारीच्या वाडीचे मालक धर्माजी, चारचौघांत बोलून गेले, “भोंगा वाजला की धावनाऱ्याला पोरगी दिली.” ह्यांनी फाडकन उत्तर दिलं, “झाडाखाली बसून सुपारी पडायची वाट बघण्यापेक्षा बरं!” झालं. दोन वर्षं दोघांत शब्द नाही. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे दोघे, आणि मी एसटीने एकटी माहेरी जाणार. “जावई नाय आले?” असं कुणी विचारलं की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी एका शनिवारी हे पायीच बाजारात गेले, तेव्हा मी पदर खोचला आणि चेन स्वतः रॉकेलने घासली. गिअर ऑइलचा डबा मात्र रिकामा. दांडीहून मासे विकायला येणाऱ्या हिराला मी अडचण सांगितली, तर तिने पाटीतून एक बाटली काढली.

“मुशी माशाचं तेल हाय, मंदाबाय. आमी होडीला ह्येच लावतो. खाऱ्या पान्यात पन लाकडाला काय होत नाय.”

होडीला चालतं ते चेनला का नाही चालणार? मी हात आखडता न घेता अख्खी बाटली ओतली. जास्तीचं तेल पुसून काढायचं असतं, हे मला कोण सांगणार?

रविवारी सकाळी हे खाली वाकले. चेन स्वच्छ, तेलाने ओलीचिंब. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“कसला वास येतोय गं?”

“समुद्राकडचा वारा आहे,” मी म्हणाले आणि मागे चढून बसले.

पालघर येईपर्यंत चेनने ह्यांची पँट आणि माझं नवं पातळ तेलाने माखून टाकलं. केळवे-माहीमच्या रस्त्याला कुत्री मागे लागली. एका वळणावर गाडी हळू केली, तर एक म्हातारी आम्हांला मासळीवाले समजून टोपली घेऊन आडवी आली, “मावरं काय हाय गो?” ह्यांनी गाडी पुढे दामटली. मला मागून ह्यांचे लालबुंद कान दिसत होते.

माहेरच्या अंगणात शिरलो तेव्हा मांजरीही जमल्या. कुत्र्यांचा कल्ला ऐकून बाबा काठी घेऊन बाहेर आले आणि जागीच थांबले. हेही ताठ उभे. आता बाबा पाठ फिरवून वाडीत गेले असते, तर हे पुन्हा कधी आले नसते.

बाबांनी हवेत वास घेतला, चेनकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे.

“जावयबापू, मुशीचं तेल? ह्ये कोनी लावलं?”

“तुमच्या लेकीने.”

“वाटलंच! लहानपनी हिनं आमच्या पंपात खोबरेल ओतलं व्हतं. तेल दिसलं की हिचा हात थांबत नाय.”

“भाजीतसुद्धा तसंच, बाबा,” हे म्हणाले. “तवंगाखाली वांगं शोधावं लागतं.”

दोघे खो खो हसले आणि चेनशी उकिडवे बसून माझी एकेक खोड काढू लागले. एरवी एवढ्यावर मी आठवडाभर अबोला धरला असता. पण चेन धुवायला घरातून आणलेली रॉकेलची बाटली घेऊन मी दारातच उभी राहिले आणि मला रडू आवरेना. म्हटलं, काढा, माझ्या नावाने काय काय काढायचंय ते काढा. पण असेच बोलत राहा.