स्वेच्छेनं, शुक्रवारी पाचपर्यंत

कुलसचिवांचं परिपत्रक निघालं. विद्यापीठातलं कामाचं वातावरण सुधारण्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्यानं स्वेच्छेनं एक सूचना द्यावी. शुक्रवारी पाचपर्यंत न दिल्यास लेखी खुलासा द्यावा. सूचना गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी अकरा महिन्यांच्या करारावरचा कारकून आणि माझा अकरावा महिना चालू होता.

चारशे बारा सूचना आल्या. कुलसचिवांचं मार्गदर्शन वारंवार लाभावं, असं एकशेसहा जणांनी सुचवलं. ग्रंथालयातल्या एकानं सूचना मागवणं बंद करावं अशी सूचना केली; ती मी ‘इतर’मध्ये लावली.

परीक्षा विभागात झाडलोट करणारी नीलव्वा शेवटी आली. तिला लिहिता येत नव्हतं.

“लिही तम्मा.” धाकट्या भावाला कानडीत म्हणतात तसं ती मला तम्मा म्हणायची. “तिसऱ्या मजल्यावरचा बायकांचा संडास उघडा.”

“एवढंच?”

“एवढं होऊ दे. मग विमानतळ मागते.”

तो संडास पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या मूल्यांकन समितीसाठी राखीव होता. एरवी कुलूप. विभागातल्या बायका मुलींच्या वसतिगृहापर्यंत चालत जायच्या. नीलव्वाचे गुडघे गेलेले, म्हणून तिनं पाणी पिणंच सोडलं होतं. वर्षात दोनदा लघवीच्या तापानं दवाखान्यात पडली होती.

“डॉक्टर म्हणतो भरपूर पाणी प्या,” ती म्हणाली. “त्याला काय जातंय. त्याचा खोलीतच आहे.”

मी ते चार ओळींच्या सरकारी भाषेत बसवलं. उपकुलसचिव बेल्लदसाहेबांनी वाचलं आणि आठवड्यात पहिल्यांदा हसले. समिती याच महिन्यात येणार होती आणि तिच्या तक्त्यात एक रकाना होता: अमलात आणलेल्या सूचना, आधीचा व नंतरचा फोटो जोडून. बाकीच्या सूचनांना खर्च होता. हिला फक्त किल्ली लागत होती.

मी बंद दाराचा फोटो काढला. साहेबांनी कुलूप काढलं. मी उघड्या दाराचा फोटो काढला, शेजारी नीलव्वा उभी.

“साहेब, दोन्ही फोटोंवर वेळ छापून आलीय. एका मिनिटाचा फरक आहे.”

“राहू दे. कामाचा वेग दिसेल.”

नीलव्वानं पदर सावरून विचारलं, “आता उघडलाच आहे तर मी जाऊन येऊ?”

“समिती जाऊ दे, नीलव्वा,” साहेब म्हणाले. “मग तुझाच आहे.”

समिती आली. तिच्यातल्या एक प्राध्यापकबाई तिसऱ्या मजल्यावर जाऊन आल्या आणि इतक्या प्रसन्न झाल्या की, अहवालात वेगळा परिच्छेद आला: एवढी स्वच्छता देशातल्या कुठल्याही विद्यापीठात आढळली नाही.

त्या परिच्छेदावर बैठक बसली. दीड तास चालली. हा दर्जा पुढच्या भेटीपर्यंत टिकवणं ही सामूहिक जबाबदारी आहे, असं ठरलं. वापरानं दर्जा टिकत नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कुलूप परत लागलं. रोज सकाळी सफाई व्हावी, सफाईखेरीज वापर होऊ नये आणि तशी नोंद एका कारकुनानं दारात उभं राहून करावी, असा आदेश निघाला. कारकून मी. सफाईला नीलव्वा, कारण सूचना तिची होती. तिला उत्कृष्ट सूचनेचं प्रशस्तिपत्रही मिळालं. त्यावर काय लिहिलंय ते तिनं मलाच वाचायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाली, “अक्षर चांगलं आहे.”

पहिल्या सकाळी मी कुलूप काढलं. ती बादली घेऊन आत गेली आणि दाराला हात लावून थांबली.

“तम्मा, दार लोटू का जरा?”

बेल्लदसाहेब व्हरांड्याच्या टोकाला फोनवर बोलत होते. त्यांचं तोंड आमच्याकडे होतं. माझ्या नव्या कराराचा कागद त्यांच्या टेबलावर सहीला पडला होता.

“उघडं ठेवूनच पुसा, नीलव्वा.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि पुसायला लागली. कोपरेसुद्धा पुसले. बाहेर येऊन बादली भिंतीशी ठेवली, जिन्याचा कठडा धरला आणि वसतिगृहाकडे निघाली. एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकवत.

मी कुलूप लावलं. वहीत लिहिलं: सफाई, दहा मिनिटं. वापर, नाही.

दुपारी करारावर सही झाली.