जाडीचं वजन आणि मी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: मी चुकत नाही. तुम्हाला ही फुशारकी वाटेल. वाटू दे. दहा किलोपर्यंत काहीही माझ्यावर ठेवा, मी जे सांगेन ते बरोबरच असणार. तरीही एकदा खरं सांगितलं म्हणून माझी स्वयंपाकघरातून हकालपट्टी झाली होती. आणि माझ्या अपमानाचं एक वेळ सोडा, त्यापायी घरातल्या मांजरीचा जीव जायची वेळ आली होती. तीच हकिगत आज सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. हिरव्या रंगाचं पत्र्याचं अंग, पुढे काचेआड पांढरी तबकडी, तबकडीवर काळा काटा आणि पोटात भक्कम स्प्रिंग. शेवटची तपासणी करणाऱ्या बाई भलत्याच कडक होत्या. पितळी वजनं एकेक करून माझ्या डोक्यावर ठेवायच्या आणि काटा केसभर जरी इकडेतिकडे झाला, तरी पेचकस घेऊन पुन्हा माझ्या पोटात शिरायच्या. असं त्यांनी सात वेळा केलं. तेव्हा मला त्यांचा अस्सा राग आला होता! आज मात्र मी त्यांचे उपकार मानतो.

दुकानातून मला उचललं ते काकूंनी. काकू घरीच पाव आणि केक करून विकतात. त्यांचे यजमान, म्हणजे आपले काका, यांचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे. दोघांचं छान चाललं होतं. काकू बोलायच्या, काका ऐकायचे, आणि मग काका आपल्याला हवं तेच करायचे. पहाटे मैदा, साखर, लोणी यांची मापं माझ्यावर व्हायची. शेजारणी कौतुक करायच्या, "तुमचा केक दर वेळी अगदी तस्साच होतो हो!" काकू म्हणायच्या, "हाताला सवय झालीये." मित्रांनो, त्यात माझाही थोडा हात होता, पण मी कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवतो आहे, एवढंच.

सोळा वर्षांपूर्वी काकांनी दुकानातून चष्म्यांच्या फ्रेमचं खोकं घरी आणलं. त्यात फ्रेम नव्हत्या. एक राखाडी पिल्लू होतं. काकूंनी आधी कपाळावर हात मारला आणि मग ते पिल्लू उचलून माझ्यावर ठेवलं. चारशे ग्रॅम! वर्षभरात त्या चारशे ग्रॅमचे पाच किलो दोनशे झाले आणि बाईसाहेबांचं नाव पडलं जाडी.

रोज अकराच्या सुमाराला ओव्हन बंद व्हायचा. काकू मैद्याचं ताट काढून, घासून खिळ्याला अडकवायच्या आणि माझ्या सपाट डोक्यावर जुना पंचा घालायच्या. तोवर खिडकीतलं ऊन माझ्यापर्यंत आलेलं असायचं. जाडी खुर्चीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून माझ्यावर यायची आणि बूड टेकवायची. काकू वाकून तबकडी बघायच्या. "पाच किलो दोनशे! अगं, काही लाज?" काका वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "तिला कशाला बोलतेस? हाडंच जड आहेत तिची." बारा-तेरा वर्षं रोज हाच संवाद झाला आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही. मलाही नाही. तिच्या पोटातली घरघर माझ्या स्प्रिंगपर्यंत पोचायची. मैद्यात ती मजा नाही.

मग एका हिवाळ्यात काटा खाली यायला लागला. पाच किलो शंभर. पाच. चार नऊशे. काकू म्हणाल्या, "आज जेवली नाही वाटतं." पण जाडी जेवत होती, आणि दुप्पट जेवत होती! सकाळचं ताटलीतलं संपवून पुन्हा काकूंच्या पायात घोटाळायची, ओरडून घर डोक्यावर घ्यायची. चौदाव्या वर्षी पडद्यावर चढायला लागली होती. केस दाट होते, म्हणून वरून बघणाऱ्याला ती तेवढीच गुबगुबीत दिसायची. शिवाय नावच जाडी. जाडी बारीक कशी होईल?

चार किलो सहाशेवर आल्यावर काकूंनी काकांना हाक मारली. काका आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला निरखलं आणि निकाल दिला.

"काटा म्हातारा झाला गं. स्प्रिंग सैल पडलीये त्याची."

"मांजरीला तर काही नसेल ना?"

"तिला काय होतंय? बकाबका खातीये. तरुण झालीये ती!"

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, सैल पडलेली स्प्रिंग जास्त ताणली जाते! ती वजन जास्त दाखवते, कमी दाखवत नाही. साधी गोष्ट. पण जो माणूस गावभरच्या लोकांच्या नजरा तपासतो, त्याला कोण सांगणार? आणि मला तोंड कुठे आहे? माझ्याजवळ एक काटा आहे, आणि त्याने जे सांगायचं ते तो रोज सांगत होता.

चार दिवसांनी नवा काटा आला. काचेचा, चपटा, बॅटरीवर चालणारा. त्याच्याशी माझं वैर नाही, तोही बिचारा आपलं काम करत होता. मला मात्र मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवलं गेलं. जाडीने नव्या काट्यावर एकदा पाय ठेवला, काच गार लागली, तशी ती जी उतरली ती पुन्हा चढलीच नाही. तिचं वजन होणं बंद झालं. आता स्वयंपाकघरात कुणालाच वाईट बातमी ऐकावी लागत नव्हती.

जाडीने मला शोधून काढलं. दुपारी ती टेबलाखाली यायची आणि माझ्यावर अंग मुडपून बसायची. चार तीनशे. चार शंभर. तीन नऊशे. मी आकडा दाखवत होतो आणि तो बघायला कुणीच नव्हतं. तिची घरघर तशीच होती, पण आता तिच्या हाडांची टोकं मला पंच्याआडूनही मोजता आली असती. मला भीती वाटत होती, हे मी कबूल करतो. ती माझ्यावर बसल्या बसल्या संपेल, आणि शेवटचा आकडा फक्त मलाच माहीत असेल, अशी भीती.

तेवढ्यात काकूंना एका लग्नाच्या केकची ऑर्डर आली. आठ किलोंचं काम, आणि काचेच्या काट्याची ताकद पाच किलोंची. काकू म्हणाल्या, "अहो, तो जुना दुरुस्त करून आणा बघू. त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही." काकांनी मला पिशवीत घातलं आणि बसने वजनकाट्यांच्या मिस्त्रींकडे नेलं.

मिस्त्री वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी पितळी वजनं काढली. एक किलो ठेवला, मी एक दाखवला. दोन, मी दोन. पाच, मी पाच. काटा कसा ताठ उभा! कारखान्यातल्या त्या बाईंनी बघायला हवं होतं.

"याला काय झालंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"वजन कमी दाखवतो."

"स्प्रिंग गेली तर जास्त दाखवेल. कमी कसं दाखवेल? कशाचं वजन केलंत?"

"आमच्या मांजरीचं," काका म्हणाले.

मिस्त्रींनी पाचचं वजन खाली ठेवलं आणि हात पुसले. "मग मांजरीला दाखवायला न्या. याला कशाला घेऊन फिरताय?"

बसमध्ये काकांनी मला मांडीवर धरलं होतं. घरी आल्यावर चपलाही न काढता ते आत गेले, मला ओट्यावर ठेवलं, जाडीला उचलून आणलं आणि माझ्यावर बसवलं. तीन किलो सहाशे.

"झाला का दुरुस्त?" काकूंनी विचारलं.

"तो बिघडलाच नव्हता गं."

काकूंनी जाडीच्या पाठीवरून हात फिरवला, मग केसांत बोटं घालून पुन्हा फिरवला. मणका मण्यांसारखा हाताला लागला. "रोज कुशीत घेऊन बसते हो मी तिला," एवढंच म्हणाल्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. त्या क्षणी माझा सगळा राग ओसरला.

त्याच दुपारी दोघं तिला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरबाईंनी काय सांगितलं ते मला नंतर ओट्यावर कळलं. म्हाताऱ्या मांजरींच्या गळ्यातली एक ग्रंथी कधीकधी बेफाम काम करायला लागते. मांजर खात सुटते, धावत सुटते आणि आतून झिजत जाते. गोळी आहे, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. "उशीर केलात," त्या म्हणाल्या होत्या, "हृदयावर ताण आलाय. महिनाभर वजन बघू. वाढलं तर वाचली."

त्या महिन्यात घरातलं सगळं माझ्या काट्यावर येऊन ठेपलं होतं. पहिले दहा दिवस तीन सहाशे. मग तीन साडेपाचशे, आणि त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. खोटं बोलण्याचा मोह मला आयुष्यात एकदाच झाला, तो तेव्हा. पन्नास ग्रॅम वर ढकलले असते तर दोन माणसं सुखाने जेवली असती. पण खोट्या आकड्याने हे घर पुन्हा गाफील राहिलं असतं, नाही का? मी जे होतं ते दाखवलं. डॉक्टरबाईंनी तोच आकडा ऐकून गोळीचा डोस बदलला. सोळाव्या दिवशी तीन सहाशे. विसाव्या दिवशी तीन सातशे. महिना भरला तेव्हा तीन नऊशे! काका एवढ्या जोरात ओरडले की जाडी माझ्यावरून उडी मारून पळाली आणि तिला पुन्हा आणून बसवावं लागलं.

आता ती सोळा वर्षांची आहे. चार किलो दोनशे. तिला ओट्यावर चढवत नाही, म्हणून काका रोज उचलून ठेवतात. पाच किलो ती पुन्हा बघणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. तिला सांगितलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी म्हातारं असेल, मांजर, कुत्रा किंवा आजोबा, तर नुसतं बघून ठीक आहे म्हणू नका. रोज दिसणाऱ्या जिवातला बदल डोळ्यांना कळत नाही, जवळ जाऊन हात लावावा लागतो. कुणी नकोशी बातमी आणली, तर आधी त्याला टेबलाखाली टाकू नका. कधीतरी माझा काटा पुन्हा खाली यायला लागेल आणि तेव्हा गोळीही उपयोगाची नसेल. तेव्हाही मी खरंच सांगेन. पण या वेळी काका-काकू पहिल्याच दिवशी वाकून बघतील, आणि जाडीच्या उरलेल्या दिवसांपैकी एकही दिवस वाया जाणार नाही.