मागे स्प्रिंग नसलेली सायकल

नेरिडा दुकानात आली ती सायकल धुऊन घ्यायला. धुवायची आणि भावाला परत करायची, एवढाच तिचा बेत होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी डोंगरातली सायकल आपल्याला जमणार नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं, आणि पक्कं केल्यापासून तिला घास गोड लागत नव्हता.

कथलाच्या खाणी बंद पडल्यावर हे टास्मानियातलं गाव सायकलवरच जगलं. जंगलातून वाटा काढल्या आणि लोक पुन्हा येऊ लागले. नेरिडा इथल्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करायची. नवरा ग्रॅहम गेल्यानंतर दोन वर्षांत ती मनापासून हसली असेल तर बुधवारच्या बायकांच्या टोळीत. टोळी डोंगरावरून सायकली हाणत खाली यायची आणि बेकरीत बसून कालवांचं सारण भरलेले गरमागरम पॅटिस चापायची. पण उतारावर फर्नची, म्हणजे नेच्यांची दाटी असलेल्या वळणावर नेरिडा दर बुधवारी पडायची, नाहीतर उतरून चालत यायची. बाकीच्या खाली तिची वाट बघत थांबायच्या. कुणी काही बोलत नसे, तेच तिला जास्त लागायचं.

"चांगली चकचकीत कर," ती दुकानवाल्या ब्रॉनीला म्हणाली. "डॅरिलला परत द्यायचीय."

"का गं? चोरून आणली होतीस?"

"मला जमत नाही, ब्रॉनी. भित्री आहे मी. संपला विषय."

साठीची ब्रॉनी हात पुसत बाहेर आली. "बस बघू जरा हिच्यावर."

नेरिडा बसली. ब्रॉनीने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि कपाळाला हात लावला. "हात बघ स्वतःचे! उंच दोरीवर चादर वाळत घालतेयस की काय? असे ताणलेले हात घेऊन वळण कसं घेशील, बाई?"

"पण डॅरिलने सीट पार खाली केलीय."

"सीट खाली केली की सायकल लहान होते होय? त्याचे बूट घातलेस आणि नाड्या करकचून आवळल्यास, तर ते तुझ्या मापाचे होतील का? तो सहा फूट, तू एवढीशी. सगळा उन्हाळा तू भावाच्या मापाच्या सायकलवरून पडतेयस आणि वर स्वतःला भित्री म्हणतेयस!"

नेरिडाला हसावं की रडावं कळेना. जवळ पंधराशे डॉलर होते. ते तिने बैठकीच्या खोलीतल्या नव्या गालिच्यासाठी ठेवले होते. गालिच्याला कोण विचारतं आता! तिची नजर कोपऱ्यातल्या एका लालभडक सायकलवर गेली. पुढे शॉकअप, मागेही शॉकअप, आणि किंमत बरोबर तिच्या आवाक्यातली.

"ही दे. मागे शॉकअप नसेल तर कंबरेचा भुगा होतो, डॅरिल सांगतो."

"डॅरिल बरंच काही सांगतो. एवढ्या पैशात दोन्हीकडे शॉकअप द्यायचे म्हणजे बनवणाऱ्याने कुठेतरी हात आखडलाच. इथे ब्रेकमध्ये आखडलाय. परगावच्या पाहुण्याला विकेन मी, तुला नाही." ब्रॉनीने आतून एक मातकट हिरवी सायकल काढली. शॉकअप फक्त पुढच्या चिमट्याला, टायर रुंद, ब्रेक दणकट, आणि सीट खाली घ्यायचा खटका थेट हँडलवर. "मागे स्प्रिंग नाही, त्यामुळे वाटेत झाडाचं मूळ आलं की पायांना कळतं. कळलं की गुडघे आपोआप वाकतात. नव्या माणसाने असंच शिकावं."

नेरिडाने दुकानासमोरच्या डांबरावर एक गोल मारला. "छान आहे की!"

"डांबरावर सगळ्याच छान असतात. दुकानामागच्या झाडांच्या मुळांवरून जाऊन ये."

मुळांवर सायकलने तिला खडखडून हलवलं, पण पाडलं नाही. हात वाकलेले होते, नजर पुढे होती, आणि सायकल सांगितलेलं ऐकत होती. ती परत आली तेव्हा ब्रॉनी बिल लिहायलाच बसली होती.

संध्याकाळी ती डॅरिलची सायकल घेऊन त्याच्या शेडवर गेली. दार उघडलं तर आत गवत कापायचं यंत्र, वाटा दुरुस्त करायची फावडी आणि रिकामी भिंत.

"तुझी दुसरी कुठेय?" तिने विचारलं. "देताना म्हणालास ना, माझ्याकडे दोन आहेत."

डॅरिल कान खाजवू लागला. "होती. म्हणजे, घ्यायचा विचार होता."

"अरे माणसा! सहा महिने तू सायकलशिवाय?"

"मग काय करायचं? ग्रॅहम गेल्यावर तू दारसुद्धा उघडत नव्हतीस. एक दिवस आपणहून आलीस, म्हणालीस मलाही शिकव. तेव्हा काय सांगू, थांब जरा?" तो पुटपुटला. "मापाचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. मूर्ख आहे मी."

"महामूर्ख आहेस," नेरिडा म्हणाली. तिने त्याची सायकल रिकाम्या भिंतीला टेकवून ठेवली. आणि ती घरी गेली.

शनिवारी सकाळी दोघं वर गेले. डॅरिल पुढे, मोठ्या रुबाबात. नेच्यांचं वळण आलं आणि त्याची सहा महिने सुटलेली सवय नडली. पुढचं चाक घसरलं आणि एवढा मोठा माणूस नेच्यांत उताणा.

नेरिडाची बोटं ब्रेकवर आवळली.

"उतरू नकोस!" डॅरिल पडल्या पडल्या ओरडला. "मी ठीक आहे! जा! खाली बघू नकोस, जा!"

तिने बोटं सैल केली. मागचं चाक मुळांवर धाडधाड आपटलं, गुडघे वाकले, आणि वळण मागे पडलं. एकदाही पाय जमिनीला लागला नव्हता.

नवीकोरी सायकल तिथेच टाकून ती धापा टाकत चढ चढून गेली. डॅरिल उठून बसला होता, कानामागे चिखल. तिने त्याला मिठी मारली.

"थँक यू रे."

"मी काय केलं? सायकल तर ब्रॉनीने निवडली."

"सहा महिने चालत फिरलास," नेरिडा म्हणाली.