पहिल्या वेचणीचा डोंगा

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे. देऊळघाटजवळच्या धरणाकाठी पालथा पडून असतो. माझ्या पाठीवर कोंबड्या बसतात. बसेनात का, तेवढीच सोबत!

वाहेद सुतारानं मला घडवलं. अंगानं अरुंद, मधोमध बांबूची डोलकाठी. त्याच्या बायकोनं, बिलकिसनं, खताच्या पांढऱ्या पोत्यांचं शीड शिवलं. फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वर डांबर लावलं, तेव्हा कुठे मी पाण्यात उतरलो. नावाला मी वाहेदचा, पण मला हाकायची बिलकिसच. वारा तिलाच कळायचा.

पलीकडच्या काठावर पंचफुलाचं शेत होतं. आदल्या साली गुलाबी बोंडअळीनं तिची बोंडं आतून पोखरली होती. बीटी बियाण्याला अळी लागत नाही, या भरवशावर पेरलेला सगळा कापूस गेला. म्हणून त्या वर्षी पहिली वेचणी हाती आली, तेव्हा ती फार हरखली. पहिल्या वेचणीला करतात ती सीतादहीची पूजा झाली, शेतात दहीभात शिंपडला आणि रिकामा गडू घेऊन ती घरी परतायला माझ्यात बसली. कापसाचं गाठोडं मात्र तिनं डोलकाठीला उंच बांधलं. माझ्या तळाशी नेहमी थोडं पाणी असायचं ना! कापूस पिकवणारी माणसं स्वतः भिजतील, पण कापूस भिजू देणार नाहीत. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

धरणाच्या मध्यावर पोचलो आणि वीज कडाडली. वारा शिडात घुसला आणि वरच्या ओझ्यानं मी एका कुशीवर कलंडलो.

"पंचफुला, गाठोडं सोड! खाली घे!" बिलकिस ओरडली.

"भिजन ना वं भाबी! एवढाच तं कापूस हाय मले!"

"कापूस उन्हात वाळते. आपण बुडालो तं कोण वाळत घालन?"

पंचफुला रडली, पण तिनं गाठ सोडली. गाठोडं तळाशी आलं आणि मी सावरलो. बिलकिसनं शीड उतरवलं, डोलकाठी उपसून आडवी ठेवली. भर पाण्यात उंच काठी म्हणजे विजेला आवतणच. माझं नाक लाटांवर धरून ती घराकडे नाही, जवळच्या काठाकडे वल्हं मारू लागली. पंचफुला वाकून सीतादहीच्या गडूनं पाणी उपसत होती. त्या दोघींवर माझा तेव्हा जो जीव जडला, तो आजही तसाच आहे.

काठ लागला. मला वर ओढून दोघी एकट्या बाभळीपासून लांब उकिडव्या बसल्या आणि वाचल्या.

कापूस वाळला, पण पिवळा पडला. व्यापाऱ्यानं नाक मुरडलं. पंचफुलानं त्यातला मूठभर माझ्या फटींत भरला. तेव्हापासून दर सीतादहीची पहिली मूठ माझी.

आता धरणाला वळसा घालून सडक झाली. पंचफुलानंही कापूस सोडून सोयाबीन धरलं. मित्रांनो, ज्यानं तुम्हाला पार नेलं, त्याला काम सरलं म्हणून टाकू नका. पंचफुलाकडे पाहा. सोयाबीनच्या बांधाला तिनं कापसाची दोन झाडं राखली आहेत.

"दोनच झाडं काऊन ठेवली वं?" शेजारची सोजराबाई विचारते.

"डोंग्याच्या वाट्याची हायेत ते," पंचफुला म्हणते.