थंड चाकाचा जावई

डावलोच्या खिंडीत आजवर मला ज्यांनी मागे टाकलंय त्यांच्यात बसगाड्या आहेत, ट्रक आहेत, एक प्रेतयात्रा आहे आणि एक डुक्कर आहे. हे मी अभिमानाने सांगतो. प्रेतयात्रेतल्या एका म्हाताऱ्याने तर पुढे जाताना मला सुपारी देऊ केली होती. मी घेतली, चुना लावला, तोंडात टाकली, तोवर तो माझ्या खिडकीजवळच होता.

हे सगळं आगाता आत्याचं शिक्षण. आत्या माझ्या बापाची थोरली बहीण. लाए बंदरातून सिमेंट वर आणायचं, आमच्या चिंबूच्या डोंगरातली कॉफी खाली न्यायची, हा तिचा दहा चाकी धंदा. हायवेवर तिला 'रताळं' म्हणतात, कारण रताळ्याचा वेलसुद्धा तिच्यापेक्षा लवकर पुढे सरकतो असं लोकांचं मत आहे. आत्या म्हणते, "वेल कधी दरीत पडलेला बघितलाय का?" आणि विषय संपतो.

तर असा मी, केरेंगा, आत्याच्या हाताखाली ड्रायव्हर झालो आणि खिंडीपलीकडच्या आसारोतल्या रोसिनाला मागणी घालायला गेलो. तिचा बाप गोलुवा अंगणात कुऱ्हाडीला धार लावत होता.

"काय करतोस?"

"ट्रक चालवतो."

"एक ड्रायव्हर घेऊन झालाय आमचा," तो म्हणाला.

मागे त्याची थोरली मुलगी बसली होती. तिचा नवरा याच उतारावर ब्रेक जळून ट्रकसकट दरीत गेला. तेव्हापासून ती दोन पोरं घेऊन बापाकडेच होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, कुऱ्हाडीकडे बघत होती. मला दोन्ही बरं वाटलं नाही.

गोलुवाने धार बोटावर तपासली. "लग्नात पोरीसाठी द्यायची डुकरं तूच आण. ट्रक भरलेला पाहिजे, खिंड तूच उतरायची. खाली आलास की मी चाकाला हात लावीन. थंड लागलं तर पोरगी तुझी. गरम लागलं तर डुकरं फिरवायची आणि परत वर न्यायची."

यात न कळण्यासारखं काही नव्हतं. जो ट्रक पायाने धरतो, त्याचे ब्रेक तापतात. जो खालच्या गिअरने धरतो, त्याची चाकं गार राहतात. रोसिना मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि एवढंच म्हणाली, "उशीर झाला तरी चालेल."

लग्नाच्या दिवशी ट्रकमध्ये डुकरं होती, ऊस होता, केळीचे घड होते, पिठाची पोती होती आणि या सगळ्यावर माझे काका-मामा बसले होते. डुकरांत सगळ्यात मोठ्याचं नाव मंत्री. खायचा भरपूर, उठायचा क्वचित.

खिंडीच्या माथ्यावर धुकं होतं. मी ट्रक थांबवला. आत्या शेजारच्या सीटवर, मांडीवर बिलुम, दोऱ्यांची विणलेली झोळी.

"गिअर इथेच टाक," ती म्हणाली. "अर्ध्या उतारावर टाकायला गेलास तर तू न्यूट्रलमध्ये राहशील आणि ट्रक आसारोत जाईल."

मी पहिला टाकला. आत्याने गिअरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर थुंकली.

इंजिन रडायला लागलं आणि आम्ही निघालो. निघालो हे मला माहीत होतं, बाकी कुणाला पटत नव्हतं. दुसऱ्याच वळणावर मंत्री उठला, फळीवरून खाली उतरला, थोडा वेळ ट्रकच्या बाजूने चालला आणि मग कंटाळून पुढे निघून गेला. काकांनी हाका मारल्या. त्याने मागे वळूनही बघितलं नाही.

आमच्या इंजिनाचा आवाज खाली मुलीकडच्यांना सकाळपासून ऐकू येत होता. वाट बघून बघून ते शेवटी चढ चढून आम्हालाच भेटायला आले. सगळ्यात पुढे रोसिनाचा भाऊ मेको, डोक्यावर पिसांचा मुकुट, अंगाला डुकराची चरबी. तो माझ्या खिडकीशी आला.

"दाजी, गाडी बंद पडलीय का?"

"चालू आहे."

"मग हलत का नाही?"

"हलतेय. तू चालतोयस ना बाजूने?"

मेकोने स्वतःच्या पायांकडे बघितलं. त्याला मान्य करावं लागलं.

"एक डुक्कर येऊन गेलं वाटेत," तो म्हणाला. "तुमचं का?"

"पुढे पाठवलंय. निरोप द्यायला."

मग म्हातारी मंडळी आली. त्यांनी खाली बसून बोलायच्या देण्याघेण्याच्या सगळ्या गोष्टी चालता चालताच काढल्या. खालून ते ओरडत होते, वरून डुकरांच्या पाठीवर बसलेले माझे काका ओरडत होते. एका तांबड्या डुकरिणीवरून तीन वळणं भांडण चाललं. चौथ्या वळणावर ते मिटलं, आणि पाचव्यावर बोलायला काही उरलंच नाही, म्हणून लोक माझ्याकडे वळले.

"खड्ड्यातले दगड तापून लाल झालेत, दाजी," मेको म्हणाला. "मांस कधी भाजायचं? एक गिअर वाढव. एकच."

"वाढव रे," वरून माझा सख्खा काका ओरडला. आपला माणूस.

माझा हात गिअरवरच होता. शिकवताना आत्या कायम बोलायची. त्या दिवशी ती सुपारी चघळत धुक्याकडे बघत बसली.

तेवढ्यात मेकोच्या थोरल्या दाजींचा ट्रक जिथून गेला तो कठडा आला, मधूनच तुटलेला. तिथे लाकडी क्रूस आहे, त्याला कुणीतरी ट्रकचं स्टिअरिंग तारेने बांधलंय. मेकोने डोक्यावरचा मुकुट काढून हातात घेतला. सगळे गप्प झाले, डुकरंसुद्धा, अर्थात ती योगायोगाने. नुसतं इंजिन रडत राहिलं. ते वळण मागे पडल्यावर गिअरचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

गोलुवाही चढून आला होता, पण त्याचा एक गुडघा धरलेला. उतरताना तो आमच्या मागे राहिला. आजवर मी मागे टाकलेला तो एकमेव माणूस.

त्यामुळे खाली सपाटीवर ट्रक उभा केला तेव्हा तपासणारा जागेवर नव्हता. अट मात्र अख्ख्या गावाला माहीत होती. लोक चाकांवर तुटून पडले. मावश्यांनी हात लावला, पोरांनी गाल लावले, पाद्रीबाबांनी दोनदा लावला. सगळे म्हणाले, थंड. मग न लावलेले पुढे आले. गोलुवा लंगडत पोचला तेव्हा शेवटची आजी पुढच्या चाकाला दोन्ही हातांनी धरून उभी होती.

तिला बाजूला करून त्याने लोखंडावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"कोमट आहे," तो म्हणाला.

रोसिनाने माझ्याकडे बघितलं. मी आत्याकडे बघितलं.

आत्या सावकाश केबिनमधून उतरली. तीही पहिल्या गिअरमध्येच उतरते. "गोलुवा," ती म्हणाली, "एवढ्या वऱ्हाडाने कुरवाळलं तर माझा गुडघापण कोमट लागेल. खाली शिर. आतल्या ब्रेकच्या ड्रमला हात लाव. तिथे कुणाची मावशी पोचलेली नाही."

गोलुवाने ट्रककडे बघितलं. त्याच्या डोक्यावर आजोबांपासून चालत आलेली पिसं होती, कमरेला नवी पानं. मग तो चिखलात पाठीवर झोपला आणि ट्रकखाली सरकला. बाहेर नुसते पाय राहिले.

"थंड," खालून आवाज आला.

पाय थोडे सरकले.

"हेही."

त्याने एकही चाक सोडलं नाही. बाहेर आला तेव्हा पिसांना ग्रीस लागलं होतं, त्यातलं सगळ्यात लांब पीस मोडलं होतं आणि उजवा तळहात काळाकुट्ट झाला होता. तो माझ्याकडे आला नाही. गर्दीतून सरळ थोरल्या मुलीकडे गेला आणि तो हात तिच्या गालावर ठेवला.

"बघ," तो म्हणाला. "झऱ्यातल्या दगडासारखा."

तिने डोळे मिटले. गालावर पाच काळी बोटं उमटली. ती तिने पुसली नाहीत, पार जेवण होईपर्यंत.

"डुकरं उतरवा," गोलुवाने सांगितलं. उतरवली. एक कमी भरलं, पण तो मंत्री, आणि तो केव्हाचा वराच्या आसनावर झोपला होता.

गोलुवाने हात धुतला नाही. जो भेटेल त्याला तो तळहात दाखवत होता आणि डाव्या हाताने मांस खात होता. माझं नाव त्याला अजून नीट येत नव्हतं, म्हणून ओळख करून देताना म्हणत होता, "हा आमचा थंड चाकाचा."

मी रोसिनाशेजारी बसलो होतो. आत्या भाजलेलं रताळं सोलत समोर येऊन उभी राहिली. वाटलं, आज तरी काही बोलेल.

"दुसरा गिअर चालला असता," ती म्हणाली. "पहिल्याची काही गरज नव्हती. मिरवतोस."

"हो," मी म्हटलं.

तिने रताळ्याचा अर्धा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.