टाकीची दारं

वणव्यावर विमानातून टाकायचा लाल द्रव एकगठ्ठा न कोसळता सारखा पसरत पडावा, म्हणून तिने टाकीला नवी दारं बसवली होती. ती किती उघडायची, ते संगणक ठरवणार होता. आज चाचणी. वैमानिक तिची सख्खी वहिनी. माळाच्या कडेला तिच्याजवळ उभा होता दादा, जमिनीवरून वणव्याशी झुंजणाऱ्या तुकडीचा म्होरक्या. त्याने आपल्या जुन्या पोशाखात पेंढा भरून ते बुजगावणं एका भंगार जीपशेजारी उभं केलं होतं.

"हुबेहूब मी!"

"तुझ्याहून शहाणं आहे. गप्प उभं आहे."

रेडिओवर वहिनी म्हणाली, "वन्सं, सोडते हं."

विमान खाली आलं आणि सगळी दारं एकदम सताड उघडली. आभाळातून लाल भिंत कोसळावी तसा लोट आला. धप्प आवाज पायांखालून चढत थेट छातीत शिरला. जीपचं टप सीटला जाऊन टेकलं होतं. बुजगावण्याचा पत्ताच नव्हता. एक बाही तेवढी लांब कुंपणाच्या तारेवर लोंबत होती.



"मागच्या वणव्यात आम्ही असल्याच लोटाखाली उभं राहून हात हलवायचो," दादा हळूच म्हणाला. "आंघोळ झाली म्हणून हसायचो."

विमान उतरलं. वहिनी धावत आली आणि तिने ती बाही तारेवरून सोडवून घेतली. "यांच्या डोक्यावर टाकत आले मी हे..."

"संगणक बंद पडला," वहिनीकडे बघत ती म्हणाली. "तो बंद पडला की दारं उघडावीत, असं मीच ठरवलं होतं. भरल्या टाकीच्या ओझ्यामुळे तू अडचणीत येऊ नयेस म्हणून. तुझाच विचार केला, वहिनी. खाली दादा असतो, हे डोक्यातच आलं नाही."

दादाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

बड्या अधिकाऱ्यांसमोरचं प्रात्यक्षिक तिने स्वतःच रद्द केलं. संगणक गेला की दारं मिटतील, अशी रचना केली. आणीबाणीत टाकी रिकामी करायला वहिनीच्या हाताशी वेगळा दांडा दिला.

पुढच्या चाचणीत पहिल्या फेरीला द्रव सरीसारखा पडला. दुसऱ्या फेरीत संगणक मुद्दाम बंद केला. दारं मिटली. खाली थेंबही आला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तारेवरची ती बाही आठवून तिचे हात मात्र जुळेचनात.